तीन दिवसांचा वायदा

बोलक्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागलें कीं घर एकाएकीं किती मोठें वाटूं लागतें, हें ज्यांच्या घरीं चौदा वर्षांचा मुलगा नाहीं त्यांना सांगून कळावयाचें नाहीं. आमच्या रहिमतपूरच्या घरांत इनमीन दोन माणसें, मी आणि माझी पत्नी. मे महिन्याच्या सुटींत पुण्याहून नातू आला कीं या दोहोंचीं दहा होतात, कारण तो एकटा आठ जणांइतका बोलतो. जेवतांना बोलतो, न्हातांना बोलतो, आणि झोपेंतहि बोलतो असें आजीचें म्हणणें आहे. गेल्या वैशाखांत मात्र तो आला तो ओठ मिटून. ओट्यावरून माजघरांत आणि माजघरांतून परसांत त्याच्या फेऱ्या चालत. पण शब्द म्हणून नाहीं. साताऱ्याच्या एका इस्पितळांत त्याच्या घशांतल्या दोन्ही गांठी, म्हणजे टॉन्सिल, आणि नाकाच्या मागें टाळूच्या वर वाढणारी ती अ‍ॅडिनॉइड नांवाची गादी, हें सारें एकाच बैठकींत काढून टाकलें होतें. त्याच्या आईबापांची रजा चार दिवसांची. ती संपवून तीं पुण्यास गेलीं, आणि मुलगा बरा करण्याचें काम आम्हां दोघां म्हाताऱ्यांच्या पदरांत पडलें.

या कामांत मीं पहिल्याच पावलाला एक लबाडी करून ठेवली होती. ती आधींच सांगून टाकलेली बरी. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळीं आम्ही दोघे इस्पितळाच्या गच्चीवर उभे होतों. समोर अजिंक्यताऱ्यावरचें ऊन उतरत होतें. त्यानें कठड्यावर हनुवटी टेकवून, माझ्याकडे न पाहतां विचारलें, "आजोबा, फार दुखतं का हो?" मी म्हणालों, "छे रे! तीन दिवस. चौथ्या दिवशीं राजवाड्यापाशीं कंदी पेढे खायला नेतों तुला." तो हांसला. वायदा पक्का झाला.

वास्तविक त्याच दुपारीं शस्त्रवैद्यांनीं माझ्या मुलाला आणि मला समोर बसवून सगळें स्पष्ट सांगितलें होतें. पांच वर्षांचें पोर या शस्त्रक्रियेनंतर चार-पांच दिवसांत अंगणांत धांवूं लागतें; वयांत येणाऱ्या मुलाला दहा-बारा दिवस दुखतें, आणि मधले दिवस पहिल्या दिवसापेक्षां वाईट जातात. शाळा असती तर दोन आठवडे बुडाली असती. हें सारें मीं ऐकलें, समजून घेतलें, आणि गच्चीवर जाऊन तीन दिवस सांगितले. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसानें हिशेबांत इतकी चूक करावी हें बरें नव्हे. पण मुलाच्या हनुवटीखालीं ज्यानें तो कठडा पाहिला असता त्यानें काय सांगितलें असतें, तें तरी मला कोणी सांगावें.

या गांठी काढाव्या कीं ठेवाव्या, हा वाद आमच्या घरीं वर्षभर चालला होता, आणि मी ठेवण्याच्या पक्षाचा पुढारी होतों. माझ्या लहानपणीं पेठेंतली एक म्हातारी अंगठ्याला मीठ लावून पोरांची पडजीभ वर दाबीत असे. पोर किंचाळे आणि त्याचा घसा मोकळा होई. तो दाबल्यामुळें होई कीं किंचाळल्यामुळें, हें मला आजतागायत उमगलेलें नाहीं. पण त्या म्हातारीच्या हाताखालून गेलेली आमची पिढी गांठीसकट म्हातारी झाली, हा माझा मुख्य मुद्दा. दुसरा मुद्दा मीं पुस्तकांतून मिळविला होता. १९३४ सालीं न्यूयॉर्क शहरांतील एक हजार शाळकरी मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्या हजारांपैकीं ६११ मुलांचे टॉन्सिल आधींच काढलेले होते. उरलेल्या ३८९ जणांना डॉक्टरांपुढें उभें केलें, तेव्हां त्यांतल्या १७४ जणांचे काढावे असें ठरलें. जीं २१५ निर्दोष ठरलीं तीं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलीं; त्यांनीं ९९ निवडलीं. राहिलेलीं ११६ तिसऱ्यांकडे नेलीं. त्यांनीं ५१ निवडलीं. हजारांतून अखेर पासष्ट घसे धड उरले! ही गोष्ट मी जेवणाच्या पंगतीला इतक्या वेळां सांगितली कीं सूनबाई आंकडे माझ्याआधीं म्हणूं लागली.

वाद मिटला तो मात्र आंकड्यांनीं नव्हे. तसे आंकडे मुलाच्या बाजूलाहि होते. पॅरडाइज नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें १९८४ सालीं जी कसोटी वापरली ती आजहि डॉक्टर लोक मानतात: घशाचें दुखणें एका वर्षांत सात वेळां, किंवा लागोपाठ दोन वर्षें पांच-पांच वेळां, किंवा तीन वर्षें तीन-तीन वेळां आलें तर काढण्याचा विचार करावा, एरवीं थांबावें. आमच्या नातवाचीं गेल्या वर्षाचीं सात दुखणीं त्याच्या आईनें तारीखवार लिहून ठेवलीं होतीं. तरीहि मी थांबा असेंच म्हणत होतों. वाढत्या वयाबरोबर या गांठी आपोआप आक्रसतात, नाकामागची गादी तर मिसरूड फुटायच्या सुमारास बहुधा नाहींशी होते, हें मला ठाऊक होतें. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायरनें १८६८ सालीं या गादीचें दुखणें प्रथम नीट ओळखून लिहिलें, इथपर्यंत माझी तयारी होती. सूनबाईनें ती सगळी ऐकून घेतली आणि एवढेंच म्हणाली, "मामंजी, झोपेंत त्याचा श्वास अडतो. तो थांबला कीं मी माझाहि थांबवून बसतें. पुन्हा सुरू होईपर्यंत मोजतें." त्यानंतर मीं न्यूयॉर्कचें नांव काढलें नाहीं.

घरीं आणल्यावर पहिले दोन दिवस बरे गेले. वायद्याप्रमाणेंच गेले म्हणाना. भूल उतरतांना मिळालेलें औषध अंगांत होतें आणि कौतुक करायला आईबाप उशापाशीं होते. दुसऱ्या दिवशीं पाणी पितां पितां तें नाकावाटे बाहेर आलें तेव्हां सारे घाबरले. पण गादी काढल्यामुळें टाळूमागें मोकळी झालेली जागा बंद करायला पडद्याला सवय लागावी लागते, कांहीं दिवसांत जमेल, हें इस्पितळांत सांगितलेलें होतें. त्याच दिवशीं संध्याकाळीं आईबाप गेलीं. मग समाचाराला माणसें येऊं लागलीं, आणि येणारा प्रत्येक जण आल्याचा रस सांगूं लागला. आमच्या कोरेगांव तालुक्यांत आलें पिकतें. त्यामुळें जगांतल्या सर्व रोगांवर आलें हा आम्हां लोकांचा स्थानिक वैद्यकशास्त्राचा सिद्धांत आहे. कोणी आलें-मध सांगितलें, कोणी आलें-लिंबू. ताज्या जखमेवर लिंबू पिळावें असें ज्याला सुचलें तो माझा चाळीस वर्षांचा स्नेही आहे, म्हणून त्याला चहा मिळाला. गांवचे एक वृद्ध वैद्य आले, त्यांनीं मात्र कांहीं दिलें नाहीं. सुश्रुतानें तुंडिकेरी म्हणून जो विकार सांगितला तो हाच, पडजिभेची वाढ शस्त्रानें छेदावी पण अति छेदली तर रक्त वाहून रोगी दगावतो असें त्यानें लिहून ठेवलें आहे, एवढी माहिती देऊन ते स्वस्थपणें निघून गेले. ती माहिती मला तेव्हां फार आवडली. पुढें एका रात्रीं ती नको तेव्हां आठवली.

बोलतां येत नाहीं म्हणून मीं माळ्यावरून माझी जुनी दगडी पाटी काढली, पुसली, पेन्सिल शोधली आणि मोठ्या ऐटीनें त्याच्या उशाशीं ठेवली. त्यानें ती कौतुकानें पाहिली, उलटी करून पाहिली, आणि मोबाइल उचलून मला निरोप धाडला: "थँक्यू आजोबा." मी त्याच खोलींत, त्याच्यापासून चार हातांवर बसलों होतों. माझ्या खिशांत तो निरोप खणाणला. पुढचे दहा दिवस आम्ही आजोबा-नातू एकाच छपराखालीं असे पत्रव्यवहारानें बोललों. आजीला मोबाइलचीं अक्षरें दिसत नाहींत. तिला मी वाचून दाखवीं. अशा रीतीनें मी घरांतला पोस्टमन झालों.

चौथ्या दिवशीं सकाळीं मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत होतों. खिसा वाजला. निरोप होता: "तीन दिवस झाले."

मी आंत गेलों. तो भिंतीकडे तोंड करून, उजव्या कानावर तळवा दाबून पडला होता. रात्रभर त्यानें पाण्याला स्पर्श केला नव्हता. लाळ गिळवत नव्हती म्हणून ती उशाच्या टॉवेलवर सोडीत होता. आजीनें बॅटरी लावून तोंड उघडायला सांगितलें आणि पाहतांच ती मटकन् खालीं बसली. घशाच्या दोन्ही बाजूंना जेथें गांठी होत्या तेथें पांढरट-पिवळे जाड थर चढले होते. तोंडाला वासहि येत होता. "पू झालाय हो," ती म्हणाली, "आणि कानहि फुटणार." शेजारच्या काकू तेवढ्यांत लसूण घालून कोमट केलेलें तेल कानांत सोडायला घेऊन आल्या. मीं त्यांना उंबऱ्यांत थांबवून साताऱ्याला फोन लावला.

शस्त्रवैद्य हांसले. पण तें हांसणें दिलासा देणारें होतें. तो पू नव्हे. गुडघा फुटला तर त्यावर खपली धरते. घसा नेहमीं ओला असल्यामुळें तेथली खपली काळी न होतां पांढरी होते. वास तिचाच. कान चांगला आहे. घशांतली आणि मधल्या कानांतली संवेदना एकाच मज्जातंतूवाटे मेंदूकडे जाते, त्यामुळें दुखतें घशांत आणि भासतें कानांत. तेल घालूं नका. "आतां मला सांगा, पाणी किती गेलं पोटांत? औषध वेळेवर चाललंय का?" या दोन प्रश्नांवर मी गप्प झालों. औषध दर सहा तासांनीं, रात्रीं सुद्धां, उठवून द्यावें असें त्यांनीं बजावलें होतें. आणि रात्रीं दोनचा डोस मीं चुकविला होता. पोर बिचारें गाढ झोपलेलें, त्याला कशाला उठवा, असा दयाळू विचार मीं केला होता! त्या दयेचें फळ तो सकाळीं सहा वाजतां कानावर हात दाबून भोगीत होता. वेदना एकदां पुरती जागी झाली कीं तिला निजविण्यास दुप्पट वेळ लागतो, आणि तोंवर मूल पाणी पीत नाहीं. पाणी न प्यायल्यानें घसा कोरडा पडतो. कोरड्या घशानें वेदना वाढते. हें चक्र चुकलेल्या एका डोसानें फिरूं लागतें.

औषध म्हणजे कांहीं मोठें नव्हे. तापावर देतात तें पॅरासिटामॉलच, मुलाच्या वजनाच्या मानानें मोजलेलें. अ‍ॅस्पिरिनला सक्त मनाई, कारण त्यानें रक्त गोठत नाहीं. याहून जालीम कांहीं द्या ना, असें मी म्हणालों तेव्हां त्यांनीं कोडीनची हकीकत सांगितली. कांहीं मुलांच्या शरीरांत त्याचें झपाट्यानें मॉर्फीन होतें आणि झोपेंत श्वास मंदावतो. अशीं मुलें दगावल्यामुळें अमेरिकेंतल्या औषध खात्यानें २०१३ सालीं टॉन्सिल काढलेल्या मुलांना तें देऊं नये असें जाहीर केलें. मी पुन्हा जालीम शब्द उच्चारला नाहीं. त्या दिवसापासून रात्रीं दोनचा गजर माझ्या उशाशीं, आणि पाटी, जी निरोपाला निरुपयोगी ठरली होती ती, हिशेबाला कामीं आली. तिचे दोन भाग केले. डावीकडे औषधाची वेळ, उजवीकडे पाण्याच्या वाट्या. एक वाटी पोटांत गेली कीं एक रेघ. पांच रेघांची एक जुडी, वाण्याच्या दुकानांत मारतात तशी. औषध दिल्यापासून अर्ध्या तासानें घसा जरा सैल होतो. तेवढी वेळ साधून वाटी पुढें करावयाची. घुटका मोठा घेतला तर कमी दुखतें आणि लहान लहान घेतले तर जास्त, हा शोध त्याचा त्यानेंच लावला आणि मला लेखी कळविला.

खाण्याच्या बाबतींत मात्र आमचें रहिमतपूर त्याच्यावर प्रसन्न होतें. वैशाख म्हणजे वाळवणाचे दिवस. गच्च्यांवर पापड, सांडगे, कुरडया. आणि जेथें कुरडई तेथें गव्हाचा चीक. तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेलें तें सत्त्व, पातेल्यांत पाण्याबरोबर शिजवून काढलें कीं जो पांढरा, लुसलुशीत, घशाखालीं आपण होऊन उतरणारा पदार्थ होतो, तो दूध-साखरेबरोबर खाण्यासाठीं लहानपणीं आम्हीं भांडणें केलेलीं आहेत. घसा कापलेल्या माणसासाठीं कोणी मुद्दाम पक्वान्न शोधून काढावयाचें म्हटलें असतें तर याहून चांगलें निघालें नसतें. मऊ, निवलेला, न आंबट न तिखट. पेठेंत बातमी पसरली, आणि ज्या घरीं कुरडया पडत त्या घरून सकाळीं झांकलेली वाटी येऊं लागली. आईस्क्रीमचें जें माहात्म्य त्यानें मित्रांकडून ऐकलें होतें तें दुसऱ्याच दिवशीं ओसरलें. गोडमिट्ट दुधानें घशांत चिकटा धरतो अशी त्याची तक्रार. चीक मात्र तो खाई. आंबा घरांत असून त्याला मिळाला नाहीं. रसाचा आंबटपणा जखमेला झोंबे. तो घरांत असेपर्यंत आजीनें स्वतःहि आंबा खाल्ला नाहीं. मीं खाल्ला, शेजारीं जाऊन. हेंहि सांगून टाकतों.

पांचव्या दिवशीं दुपारीं घर निजलेलें असतांना आमचा पत्रव्यवहार झाला. तो मोबाइलमध्यें अजून आहे, म्हणून शब्दाला शब्द देतां येतो.

"तुम्हांला माहीत होतं का?"

मी एका बोटानें अक्षरें शोधीत लिहितों. मला वेळ लागला. "काय?"

"दहा दिवस दुखतं ते."

"होतं."

"मग?"

मीं तीन वेळां लिहिलें आणि तीन वेळां पुसलें. अखेर गेलें तें असें: "तूं घाबरून नको म्हणशील अशी भीति वाटली."

पलीकडे पलंगावर तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग त्याचीं दोन्ही बोटें भराभर चाललीं. "मी नको म्हटलं नसतं. तयारी केली असती. चौथ्या दिवशीं मला वाटलं कांहीतरी बिघडलंय आणि तुम्ही सगळे लपवताय."

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. दुखणें हें त्याला मुळींच सर्वांत भयंकर वाटलें नव्हतें. मीं नेमून दिलेल्या मुदतीच्या बाहेर तें गेलें, याचें त्याला भय वाटलें होतें. आणि तें भय मीं दिलेलें होतें. माझ्या एका गोड शब्दानें चौथी रात्र त्यानें आपण मरतों आहों अशा समजुतींत काढली, तीहि एकट्यानें, कारण विचारावें तर आजोबा पुन्हा गोडच कांहीं सांगणार! मीं पाटी उचलली. एका कोपऱ्यांत पेन्सिलीनें लिहिलें, "यापुढें विचारशील तें खरें सांगेन," आणि त्याच्यापुढें धरलें. त्यानें वाचलें. मग पहिल्यांदाच पेन्सिल हातांत घेऊन माझ्या "सांगेन"खालीं शाळेंत मी मारीत असें तशी बरोबरची खूण केली.

सहावा दिवस बरा. सातवा त्याहून बरा. नाकांतून आल्यासारखा, अनोळखी, बारीक आवाज येऊं लागला. आठव्या दिवशीं तो परसांत आजीच्या कुरडयांवरचे कावळे हांकीत बसला. पाटीवर त्या दिवशीं पाण्याच्या फक्त पांच रेघा होत्या. बरें वाटूं लागलें कीं माणूस पाणी विसरतो, आणि राखणदार माणूस रेघा मोजायला विसरतो.

रात्रीं दोनच्या गजरापूर्वींच खांद्यावर हात लागून मी जागा झालों. त्यानें दिवा लावला होता. तळहात माझ्यापुढें केला. "आजोबा, रक्त."

पांचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत खपल्या सुटतात. सुटतांना क्वचित् खालची रक्तवाहिनी उघडी पडते. असें झालें तर रक्त थांबलें तरी घरीं राहूं नका. हें सारें कागदावर छापून दिलेलें होतें आणि मला पाठ होतें. पाठ असलेलें माणसाला अशा वेळीं आठवतें हें मी कृतज्ञतेनें नमूद करतों. त्याला पुढें वांकवून बसविलें, गिळूं नकोस, थुंक असें सांगितलें, माठांतल्या गार पाण्याच्या चुळा दिल्या. चुळा लाल येत होत्या. आजीनें शेजारच्या मुलाला उठविलें. त्यानें बनियनवरच गाडी काढली. पांच मिनिटांत आम्ही कोरेगांवच्या रस्त्याला लागलों. मागच्या बाजूस तो माझ्याजवळ, मांडीवर स्टीलचें भांडें. रस्त्यावर चिटपाखरूं नव्हतें. आणि मला आठवला कोण? सुश्रुत! अति छेदलें तर रक्त वाहून... त्या वृद्ध वैद्यांचा स्वस्थ आवाज कोरेगांव मागें पडेपर्यंत माझ्या कानांत होता.

माहुलीजवळ कृष्णेचा पूल आला तेव्हां त्यानें भांड्यांतून मान वर केली.

"आजोबा, पुन्हा ऑपरेशन करतील?"

गच्चीवरचा "छे रे!" माझ्या ओठांपर्यंत आला होता. इतका जवळ कीं त्याची चव लागली. मी म्हणालों, "थांबलं नाहीं तर करतील. पुन्हा भूल देऊन ती जागा बंद करतात. थांबेल कीं नाहीं तें मला माहीत नाहीं."

"मरतात का कोणी यानं?"

"फारच क्वचित्. दवाखान्यांत वेळेवर पोंचलं तर बहुधा नाहीं. आपण दहा मिनिटांत पोंचतोंय."

तो पुन्हा भांड्यावर वांकला. आणि त्यानें त्याचा मोकळा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. धरला नाहीं, नुसता ठेवला. पूल संपला आणि साताऱ्याचे दिवे दिसूं लागले.

रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनीं कपाळाचा दिवा लावून पाहिलें. डाव्या बाजूला रक्ताची गुठळी धरली होती आणि तिच्याखालून पाझरत होतें. त्यांनीं ती काढली, औषधी पाण्याच्या गुळण्या करवल्या, हाताला सुई लावून ठेवली. शस्त्रक्रियागृहांत न्यावें लागलेंच तर पोट रिकामें असावें म्हणून सकाळपर्यंत पाण्याचा थेंब द्यावयाचा नाहीं असें सांगितलें. आठ दिवस ज्याला मी पाणी पी, पाणी पी म्हणून छळीत होतों त्यानें त्या रात्रीं पाणी मागितलें, आणि तें मला देतां येईना. पहांटे चारच्या सुमारास रक्त आपलें आपण थांबलें. शंभरांत दोन-चार जणांना असें होतें, मोठ्या मुलांना थोडें अधिक, असें शस्त्रवैद्यांनीं सकाळीं सांगितलें. पाणी कमी पडलें म्हणून झालें का, हें मीं त्यांना विचारलें. तसें निश्चित म्हणतां येत नाहीं, असें त्यांनीं उत्तर दिलें. त्यांचा स्वभाव चांगला आहे. माझ्या पाटीवरच्या त्या पांच रेघा मात्र मीं बरेच दिवस पुसल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं परत आलों तों त्याचे आईबाप पुण्याहून धांवून आलेलीं. पुढचें सांगण्यासारखें थोडें आहे. बाराव्या दिवशीं खपल्या पुऱ्या गेल्या. बॅटरी लावून पाहिलें तर घसा गुलाबी आणि रिकामा, गादी-तक्क्ये उचलल्यावर दिवाणखाना दिसतो तसा. वजन दोन किलो उतरलें होतें तें आजी मनाला लावून घेऊन बसली. रात्रीं सूनबाई त्याच्या खोलींत जाऊन उभी राहिली आणि बऱ्याच वेळानें बाहेर आली. "मोजायला कांहीं नाहीं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरांत जाऊन उगाच भांडीं लावूं लागली. चौदाव्या दिवशीं त्यानें तळलेली कुरडई मागितली. दोन दिवस थांब म्हणून आजीनें डबा वर ठेवला. आवाज परत आला तो मात्र पहिला नव्हे. नाकांतला गेला, आणि त्याच्या जागीं मधूनच फाटणारा एक घोगरा आवाज बसला. तो शस्त्रक्रियेचा कीं वयाचा, यावर घरांत नवा वाद सुरू झाला आहे. मी त्यांत पडत नाहीं.

सोळाव्या दिवशीं त्याला पुण्याच्या गाडींत बसवायला मी साताऱ्यापर्यंत गेलों. वाटेंत राजवाड्यापाशीं उतरलों. बारा दिवस उशीर झाला होता, पण वायदा तो वायदा. दुकानदारानें कागदावर एक पेढा चवीला दिला. त्यानें तो अर्धा तोडला, तोंडांत ठेवला, बराच वेळ घोळवला आणि गिळला. मी त्याच्या गळ्याकडे पाहत होतों.

"दुखलं का रे?"

"थोडं," तो त्या फाटक्या आवाजांत म्हणाला, आणि माझ्याकडे नीट पाहून पुढें म्हणाला, "खरोखरीचं थोडं."

मग उरलेला अर्धा त्यानें माझ्या हातावर ठेवला आणि दुकानदाराला पावशेर बांधायला सांगितलें.